दोनशे चाळीसच्या अलीकडे

वनविभागाच्या दफ्तरी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला लागतो आणि १५ जूनला संपतो. या चार महिन्यांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात रोजंदारीवर अग्निरक्षक घेतले जातात. गावात त्यांना ‘फायर वॉचर’च म्हणतात. फेब्रुवारीचे १४, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे १५ दिवस मोजले की बेरीज भरते १२१. कामगार कायद्यानं एका वर्षाची सलग सेवा धरण्यासाठी जी रेघ ओढली आहे, ती २४० दिवसांची. एकही खाडा न करता, रविवारीसुद्धा उन्हात उभं राहून फायर वॉचर त्या रेघेच्या अर्ध्यावर कसाबसा पोचतो आणि पाऊस येतो. ‘आता काम बंद, पुढच्या साली पाहू’ एवढ्या बोलण्यावर नोकरी संपते. तिचा कागद कुठेच होत नाही.

त्याचं काम नीट पाहायला हवं. हिवाळा सरता सरता जंगलातल्या ठरावीक पट्ट्यांतलं गवत कापायचं, पाला ओढायचा आणि हंगामाआधीच ते जाळून पट्टी मोकळी करायची. हीच जाळरेषा. सागाच्या जंगलात ही पट्टी कधी स्वच्छ राहत नाही. एक वारा आला की हातभर लांबीची वाळकी पानं पुन्हा तिच्यावर येऊन पडतात आणि ती पुन्हा झाडावी लागते. पूर्वी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवत, आता बऱ्याच ठिकाणी पाठीवर ब्लोअर असतो. मोहफुलं वेचायला जमीन साफ मिळावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, आणि ती पसरली की विझवायला धावणारा फायर वॉचर त्याच गावचा असतो. त्याच्याच घरचे मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेले असतात. मे महिन्यात सगळं घर तेंदूपानं तोडतं, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतं. वर्षातला रोख पैशाचा हाच मोठा हंगाम, आणि नेमका तेव्हा घरातला एक धडधाकट माणूस सरकारी जंगल राखत असतो. इतकं पणाला लावून मिळवलेली नोकरी जाते तेव्हा त्याच्या हाती काय राहतं, हा या लेखाचा विषय आहे.

फायर वॉचर हे एक उदाहरण झालं. या दोन जिल्ह्यांत वर्ष न भरणाऱ्या नोकऱ्या जागोजाग आहेत. घुग्घुस, राजुरा, माजरी भागातल्या कोळसा खाणींवर माती उपसणारे ठेकेदाराचे ड्रायव्हर आणि हेल्पर, गडचांदूर-आवारपूरकडच्या सिमेंट कारखान्यांतले पॅकिंगचे मजूर, दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्रातले राख आणि कोळसा हाताळणारे, बल्लारपूरच्या कागद कारखान्यातले लाकूड उतरवणारे, रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या बाया. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरच्या वनविकास महामंडळाच्या आगारातून. त्या लाकडाची मिरवणूक निघाली, फुलं उधळली गेली. असं सागवान तोडून, सोलून, ओढून, थप्पीला लावण्याचं काम ज्या हातांनी होतं, त्यांतल्या किती जणांकडे आपण कुणाच्या नोकरीत आहोत हे सांगणारा कागद असतो?

या सगळ्यांच्या डोक्यात एक समज पक्का बसला आहे की वर्ष भरलं नाही तर काहीच मिळत नाही. ठेकेदार तसं सांगतो, मुकादम तसं सांगतो, कधी कधी युनियनचा माणूसही तसंच सांगतो. हा समज चुकीचा आहे. बरंच काही मिळतं. अडचण वेगळीच आहे. हक्क दिवसांच्या मोजणीवर टांगलेला आहे आणि मोजणीचं रजिस्टर ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्याच कपाटात आहे.

आधी २४० चं गणित. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं सांगितलं होतं की मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर ती एका वर्षाची सलग सेवा धरायची. जमिनीखालच्या खाणीत हा आकडा १९०. चंद्रपूर जिल्ह्यात भूमिगत कोळसा खाणींची परंपरा जुनी आहे, पण हा १९० चा आकडा तिथल्या ठेका मजुरांपर्यंत क्वचितच पोचतो. दुसरी गोष्ट याहून मोलाची. हे दिवस मोजताना प्रत्यक्ष कामाचेच दिवस धरायचे, असं मजूर समजतो आणि हिशेबनीसही तसंच करतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्यासुद्धा या २४० मध्ये धरायच्या. कामावर झालेल्या अपघाताची रजा धरायची, बाळंतपणाची रजाही ठरावीक मर्यादेपर्यंत धरायची. महिन्याच्या पगारावर असलेला माणूस साधारण आठ महिन्यांतच ती रेघ ओलांडतो. अकरा महिन्यांची ऑर्डर देऊन वर्षाच्या आत ठेवलं, असं मालकाला वाटत असतं आणि कामगारालाही. पण २४० तोवर कधीच भरलेले असतात.

वनमजुराचं मात्र असं होत नाही, कारण त्याचे दिवस तुकड्यातुकड्यांत विखुरलेले असतात. उन्हाळ्यात जाळरेषेचा मस्टर (हजेरीपत्रक), पावसाळ्यात रोपवनाचा, हिवाळ्यात कूपकटाईचा. कधी परिक्षेत्राचा, कधी सामाजिक वनीकरणाचा, कधी रोजगार हमीचा. मध्येच वनविकास महामंडळाकडे काम लागलं तर तो मालकच वेगळा, कारण १९७४ साली स्थापन झालेलं महामंडळ ही स्वतंत्र कंपनी आहे. मजुराच्या लेखी सगळं एकच जंगल आणि एकच ‘फारेस्ट’. वर्षात अडीचशे दिवस राबूनही एका मस्टरवर त्याचे साठ, दुसऱ्यावर ऐंशी, तिसऱ्यावर शंभर असे दिवस पडतात आणि बेरीज कुणी करतच नाही. व्हाउचरवर पैसे दिले असतील तर मस्टरवरही नाव नसतं.

या बेरजेसाठी महाराष्ट्रातले वनमजूर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. पुण्याच्या भांबुर्डा भागात पाचगाव पर्वतीच्या वनीकरणावर आणि अहमदनगरकडे सामाजिक वनीकरणावर वर्षानुवर्षं रोजंदारीनं राबणाऱ्यांनी तक्रार केली की आम्हाला मुद्दाम तात्पुरतं ठेवलं जातंय. सरकारचं म्हणणं होतं की वनं राखणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, वनविभाग हा ‘उद्योग’ नाही, म्हणून कामगार कायदा इथे लागूच होत नाही. १९९५ च्या डिसेंबरात न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. पाच-सहा वर्षं माणसांना रोजंदारीवर ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असा निकाल दिला. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघांना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायदा इथे कामी आला. कायमच्या नोकरीचे फायदे मिळू नयेत या हेतूनं माणसाला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं ठेवणं हा त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकाची अनुचित प्रथा मानली आहे. लगेच ३१ जानेवारी १९९६ ला शासन निर्णय निघाला आणि पाच वर्षं, दर वर्षी २४० दिवस भरलेल्या रोजंदारी वनमजुरांना कायम करण्यात आलं. १६ ऑक्टोबर २०१२ ला असाच दुसरा निर्णय झाला. विदर्भातल्या अनेक घरांत आज निवृत्तिवेतन येतं ते या दोन कागदांमुळे. ज्यांचे मस्टर सापडले नाहीत ते मात्र बाहेरच राहिले.

मस्टर सापडणं न सापडणं ही केवढी गोष्ट आहे, हे कर्नाटकातल्या एका वनमजुराच्या खटल्यानं दाखवलं. त्यानं शपथपत्रावर सांगितलं, मी २४० दिवस काम केलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, नुसतं शपथपत्र पुरेसं नाही, पगाराची पावती, नेमणुकीचा कागद असं काहीतरी दाखवा. हा निकाल वाचताना मला राग येतो, कारण ज्याला नेमणुकीचा कागद कधी दिलाच नाही त्याच्याकडे तो मागितला गेला. सुदैवानं तीनच वर्षांत, २००५ साली, त्याच न्यायालयानं वेगळा सूर लावला. रोजंदारीच्या मजुराकडे कागद नसणार हे उघड आहे, त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं आणि मालकाकडचं हजेरीपत्रक न्यायालयापुढे आणवावं, मालकानं ते दडवलं तर परिस्थिती पाहून त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येईल. पुराव्याची जबाबदारी पहिल्यांदा कामगारावरच राहिली, पण दार उघडलं. वनविभागाच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. मस्टर हा सरकारी दस्तऐवज आहे, दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर त्याची नक्कल मागता येते. ती काम सुरू असतानाच मागायची असते. काम सुटल्यावर चार वर्षांनी मागितली की ‘अभिलेख नष्ट’ असं उत्तर यायची भीती असते.

समजा २४० भरले, ते सिद्धही झाले. मग काय मिळायला हवं? एक महिन्याची लेखी नोटीस, तीत कारण, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. त्याशिवाय दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. रोज ५०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर नोटिशीचे १३,००० आणि भरपाईचे ७,५००, मिळून २०,५०० रुपये. रक्कम मोठी नाही. पण ती द्यायची कधी, याला फार महत्त्व आहे. कामावरून कमी करतानाच ती हातात पडली पाहिजे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड नोकरांना भरपाई न देता काढलं होतं. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भरपाई आधी न देता केलेली कामगार-कपात कायद्यानं झालीच नाही असं धरायचं. त्या बिगारी नोकरांच्या लढ्यानं साऱ्या देशातल्या कामगाराला हे हत्यार मिळवून दिलं.

त्याची धार पुढे कमी झाली, हेही सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दारानं आलेल्याला सरकारी नोकरीत कायम करता येणार नाही, असं ठरलं. कपात बेकायदा ठरली तरी रोजंदारीवाल्याला पुन्हा कामावर घेण्याऐवजी ठोक रक्कम द्या, असे निकाल येऊ लागले. हरियाणाच्या बाजार समिती मंडळातल्या रोजंदारी कामगाराला २००९ साली पन्नास हजार रुपये मिळाले. महाराष्ट्राच्या नशिबानं त्याच वर्षी एसटी महामंडळाच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की अनुचित प्रथेबद्दल कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालानं हिरावलेला नाही. २०२४ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायांना आणि माळ्याला नियमित करताना न्यायालयानं सरकारलाच सुनावलं की उमादेवी निकालाची ढाल करून माणसं राबवू नका. लंबकाचं हे हलणं रोजंदारीवाल्याला परवडत नाही, त्याचं आयुष्य या हेलकाव्यांतच निघून जातं.

आता रेघेच्या अलीकडचे, म्हणजे ज्यांचे २४० भरलेच नाहीत ते. माझ्या मते या दोन जिल्ह्यांत सगळ्यात जास्त सांगायची गरज याच हक्कांची आहे.

काम सुटलं की केलेल्या कामाचा सगळा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मिळाला पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार नव्या संहितांपैकी वेतन संहितेतही आहे. काढलं असो की स्वतः सोडलं असो, संहितेत नियम एकच. ‘पुढच्या बिलात काढू’ हे ठेकेदाराचं उत्तर बेकायदा आहे. कारखान्यातल्या कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. त्यासाठी वर्षात २४० दिवस लागत, दुसऱ्या एका नव्या संहितेनं ते १८० केले. पण १९४८ च्या कारखाना कायद्यातच एक कलम होतं की माणसाला मध्येच काढलं तर तेवढे दिवस भरले नसले तरी साठलेल्या रजेचे पैसे त्याला द्यायचे. शंभर दिवस काम केलेल्या पॅकिंगच्या पोराचे पाच दिवसांचे पैसे होतात. ते मागणारा सहसा भेटत नाही.

बायांच्या बाबतीत आकडा आणखी खाली येतो. प्रसूती लाभासाठी मागच्या बारा महिन्यांत फक्त ८० दिवस काम लागतं. रोजंदारीच्या मस्टरवरच्या बायांनाही हा लाभ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिल्ली महापालिकेच्या मजूर बायांच्या खटल्यात सांगितलं. रोपवाटिकेत जानेवारी ते जून पिशव्या भरणाऱ्या बाईचे ८० दिवस सहज होतात. ती गरोदर आहे म्हणून तिला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणं हे नुसतं निर्दयपणाचं नाही, बेकायदाही आहे. अपघाताला तर दिवसांची अटच नाही. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासालाही लागू होत असे, नव्या संहितेतही तसंच आहे. वाघ-अस्वलांच्या जंगलात पायी फिरणाऱ्या रोजंदारी माणसासाठी ही अक्षरशः जीवनमरणाची बाब आहे.

भविष्य निर्वाह निधीचा हप्ता कापला असेल तर तो महिना दोन महिन्यांचा असला तरी स्वतःचा आणि मालकाचा वाटा कामगाराचाच. पूर्वी सहा महिन्यांच्या आत नोकरी सुटली तर पेन्शन योजनेतला पैसा परत मिळत नसे. २०२४ च्या जूनमध्ये नियम बदलला आणि सहा महिन्यांपेक्षा कमी सेवा झालेल्यांनाही तो काढता येऊ लागला. ठेका मजुरांच्या जुन्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. काम सुरू झाल्यावर तीन दिवसांत ठेकेदारानं रोजगार कार्ड द्यायचं आणि काम सुटल्यावर, कारण कोणतंही असो, सेवेचं प्रमाणपत्र द्यायचं. नव्या संहितांत प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं झालं आहे आणि मागितल्यावर ठेकेदारानं अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं आहे. हा कागद दुसरीकडे नोकरी शोधायला लागतो, आणि ज्या पुराव्याअभावी खटले हरले जातात तोही हाच कागद.

ठपका ठेवून काढलं असेल तर गोष्ट वेगळीच. डिझेल चोरलं, साहेबाशी भांडला, असा आरोप चिकटवून तीन महिन्यांच्या माणसालाही चौकशीशिवाय घालवता येत नाही. आरोप खरा असेल तर मालकानं तो सिद्ध करावा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित हक्क परत बोलावण्याचा. कामावरून कमी केलेल्या माणसाची जागा पुन्हा भरायची झाली तर आधी त्याला विचारायचं, हे १९४७ च्या कायद्यात होतं. २४० दिवस भरलेल्यांनाच ते लागू, असं सगळे धरून चालत. १९९६ साली सेंट्रल बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तसं नाही, त्याहून कमी दिवस झालेल्या माणसालाही हा हक्क आहे. हंगामी कामाबद्दल तर १९९५ सालीच पंजाबातल्या मोरिंडा साखर कारखान्याच्या खटल्यात निकाल झाला होता. हंगाम संपला म्हणून काम थांबणं ही कपात नव्हे, पण कारखान्यानं हंगामी कामगारांचं रजिस्टर ठेवावं आणि पुढचा हंगाम सुरू झाला की सेवाज्येष्ठतेनं त्यांनाच आधी बोलवावं. हाच न्याय फायर वॉचरला लावून पाहा. आज फेब्रुवारीत कुणाला घ्यायचं हे बहुतेकदा बीटवरच, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीतच, ठरतं. मागच्या वर्षी मजुरीबद्दल तोंड उघडणारा यंदा यादीत नसतो. परिक्षेत्र कार्यालयाच्या भिंतीवर मागच्या तीन हंगामांतल्या माणसांची नावं आणि दिवस लावले आणि त्या क्रमानं माणसं बोलावली, तर त्याला एक रुपयाही जास्तीचा खर्च नाही. माझी वनविभागाकडे ही उघड मागणी आहे.

ठेकेदाराच्या माणसाचं दुखणं दुहेरी. काम मोठ्या कंपनीच्या किंवा सरकारच्या फाटकाच्या आत, आणि मालक मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा. ठेका बदलला की सेवा शून्यापासून सुरू. अनुचित प्रथेच्या कायद्याखाली त्यानं थेट मुख्य मालकाविरुद्ध जावं म्हटलं तर २००१ च्या सिप्ला निकालानं ती वाट अडवली आहे. मालक-नोकर हे नातंच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करून या, असा तो निकाल. पगाराच्या बाबतीत मात्र कायदा मुख्य मालकाला मोकळं सोडत नाही. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मुख्य मालकानं द्यायचा. हे किती मोलाचं आहे ते चंद्रपूरनं २०२१ मध्ये पाहिलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले कंत्राटी कामगार करोनाच्या काळात वॉर्डांत राबले होते आणि त्यांचेच पगार महिनोन् महिने थकले. त्यांनी शहरात ‘डेरा आंदोलन’ मांडलं. लेकराबाळांसह माणसं रस्त्याकडेला बसून राहिली. जिथे मुख्य मालक खुद्द सरकार होतं तिथेही केलेल्या कामाच्या पैशासाठी डेरा टाकावा लागला, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

कधी अख्खी खाणच थांबते. २०१४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या कोळसा खाणपट्ट्यांची वाटपं रद्द केली. त्यात भद्रावती तालुक्यातली बरांज खाणही गेली. तिथला कोळसा कर्नाटकच्या वीज केंद्राला जात होता. २०१५ च्या मार्चअखेर काम थांबलं आणि जमिनी देऊन नोकरीला लागलेली माणसं एका निकालानं मोकळी झाली. आवाक्याबाहेरच्या कारणानं धंदा बंद झाला तर जुन्या कायद्यात भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची कमाल मर्यादा होती. कमी सेवेच्या माणसाला तिचा फरक पडत नाही, पण ज्यानं शेत देऊन सहा-सात वर्षांची नोकरी घेतली त्याच्यासाठी हे माप फार तोकडं आहे.

मुदतीच्या नोकरीत मात्र कायदाच मालकाच्या बाजूला झुकलेला आहे. १९४७ च्या कायद्याच्या १९८४ च्या दुरुस्तीनं ठरलं की करारात लिहिलेली मुदत संपून तो पुन्हा केला नाही तर ती कपात धरायची नाही. म्हणजे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवाल्याचे २४० दिवस भरतात खरे, पण मुदत संपली म्हणून काढलं तर भरपाईचा मुद्दाच उरत नाही. मुदतीआधी काढलं, किंवा बारमाही कामावर मुद्दाम तुकड्यातुकड्यांच्या ऑर्डरी दिल्या, तर लढायला जागा आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा महिन्यांसाठी दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन. पुढे मुदत अकरा महिन्यांची झाली. ग्रामपंचायतींत, शाळांत, सरकारी कार्यालयांत ही मुलं बसली, अनेक ठिकाणी बाबूचं पूर्ण काम करू लागली आणि मुदत संपताच घरी गेली. ती ‘प्रशिक्षणार्थी’ असल्यानं कामगार कायद्यातलं जवळपास काहीच त्यांना लागू नाही. ज्या जिल्ह्यांत नोकरीचं दुसरं दार फारसं नाही, तिथे पदवीधर मुलांना अकरा महिने खुर्चीवर बसवून उठवणं हे क्रूर आहे, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा कायदा इतिहासजमा झाला. नोटीस, पंधरा दिवसांचा पगार, परत बोलावण्याचा हक्क या गोष्टी औद्योगिक संबंध संहितेत राहिल्या, पण परत बोलावण्याला कपातीनंतर एका वर्षाची मर्यादा आली. कपात झालेल्यासाठी मालकानं पंधरा दिवसांचा आणखी पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे, ही जमेची बाजू. मुदतीच्या नोकरीला एका वर्षातच ग्रॅच्युइटी, हीही. सरकारी परवानगीशिवाय कपात न करण्याचं बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांना आणि खाणींना होतं, ते आता ३०० कामगारांपासून पुढे. मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती ‘उद्योग’ या संज्ञेच्या नव्या व्याख्येची. सरकारच्या सार्वभौम कार्याशी निगडित कामं त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. वनं राखणं हे सार्वभौम काम आहे, हाच युक्तिवाद सरकारनं पुण्याच्या वनमजुरांविरुद्ध केला होता आणि तो हरलं होतं. आता तोच युक्तिवाद कायद्याच्या अक्षराचा आधार घेऊन पुन्हा येऊ शकतो. पहिला खटला उभा राहील तेव्हा जाळरेषा झाडणं, रोपं लावणं, सागवान विकणं यांत राज्यकारभार कुठे आहे, हे नव्यानं सांगावं लागेल.

आणि सांगायचं कुठे? कामगार न्यायालय चंद्रपूरला. सिरोंच्याहून तिथलं अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे तारखेला यायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. कोळसा खाणीच्या कामगाराचं प्रकरण केंद्राच्या अखत्यारीत असल्यानं त्याची धाव नागपूरपर्यंत. अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची असते, उशिराचं कारण न्यायालयाला पटलं तरच सूट. काढून टाकल्याच्या वादासाठी आधी तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. पूर्वी याला तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेनं ती दोन वर्षांवर आणली. म्हणून काम सुटल्याच्या आठवड्यातच साध्या कागदावर, तारखेनिशी, ‘मला अमुक दिवसापासून कामावरून कमी केलं’ असं लिहून कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावं आणि पोच घ्यावी. सोबत बँकेच्या पासबुकातल्या मजुरीच्या नोंदी, निधीचं ऑनलाइन पासबुक, काढून ठेवला असेल तर मस्टरचा मोबाइलवरचा फोटो, आणि ज्या-ज्या हंगामात ज्या-ज्या बीटवर काम केलं त्याची घरच्या वहीतली यादी.

वकिलाचा खर्च हा शेवटचा धोंडा, आणि तो कायद्यानं केव्हाच बाजूला सारलेला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळण्यासाठी अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगारालाही उत्पन्नाची अट ठेवलेली नाही. गोंड, माडिया, कोलाम कुटुंबांतला मजूर, रोपवाटिकेतली बाई, खाणीतला हेल्पर हे सगळे त्यात बसतात. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या समितीकडे द्यायचा, त्याला फी लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथले लोक लिहून घेतात.